आईच्या चपला

आईला चालवत नव्हतं, म्हणून सारसोळ्याचा एक रिक्षावाला दर रविवारी तिला उचलून चर्चमधल्या बाकावर नेऊन बसवायचा. आमच्यात चपला घालूनच बसतात, हे त्याला किती वेळा सांगितलं! तरी स्वतःच्या चपला पायरीखाली काढायचा, आईच्याही काढून घ्यायचा आणि त्या हातात धरून मिस्सा संपेपर्यंत दारात उभा राहायचा.

"आत बसा ना."

"नको दादा, मी भायेरच बरा हाय."

गेल्या आठवड्यात तो वारला. आई म्हणाली, "मृतांच्या प्रार्थनेसाठी त्याच्या नावाची चिठ्ठी टाक."

"आई, तो आपल्यातला नव्हता."

"माझ्या चपला कोण धरायचं रे?"

मी पेन उघडलं. आई त्याला नुसतं बाळ म्हणायची. मी तर सात वर्षांत त्याचं नाव विचारलंच नव्हतं.