शून्य बाइटचा रिपोर्ट

आमची पॅथॉलॉजी लॅब शरणपूर रोडच्या मागच्या एका गल्लीत आहे. मी तिथे रिपोर्ट टाइप करायला लागले होते. मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग येत होतं आणि कधीतरी कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला होता. त्या कोर्सपायी काही वर्षांनी सर्व्हरही माझ्या गळ्यात पडला. सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीत, फ्रिजच्या शेजारी ठेवलेला एक काळा डबा. सगळे रिपोर्ट त्यात साठतात. ज्या माणसाने तो बसवून दिला, त्याने मला जुजबी कमांड शिकवल्या होत्या. त्यातली एक डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी. काळ्या पडद्यावर डीएफ टाइप करायचं, एक आडवी रेघ, मग एच. एवढं मला येत होतं.

तो शनिवार होता. आमच्या डॉक्टर मॅडम सकाळच्या विमानाने हैदराबादला निघाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत बसून त्यांनी राहिलेल्या बायोप्सीच्या स्लाइड पाहिल्या, स्वतःच रिपोर्ट टाइप केले आणि घाईघाईने घरी गेल्या. सकाळी मी प्रिंट काढायला घेतल्या तर कागद कोरे. वर लॅबचं नाव, खाली मॅडमची छापील सही, मधे काहीच नाही. मी फाइली उघडून पाहिल्या. नावं बरोबर होती, आकार मात्र शून्य बाइट.

डीएफ टाइप केलं. डिस्क शंभर टक्के भरलेली, शिल्लक शून्य.

शोधल्यावर सापडलं. प्रोग्रॅम आपल्या बारीकसारीक तक्रारी एका फाइलीत लिहीत असतो. त्याने दिवसभर एकच तक्रार लिहून लिहून ती फाइल एवढी फुगवली होती की मॅडमच्या रिपोर्टला ओळभरही जागा उरली नव्हती. मी ती फाइल पुसून टाकली. हायसं वाटलं. पुन्हा डीएफ केलं. शिल्लक शून्य. मला वाटलं, थोडा वेळ लागत असेल. थांबून पुन्हा केलं. शून्यच. फाइल तर कुठे दिसत नव्हती, आणि तिने अडवलेली जागा काही सुटत नव्हती.

तेवढ्यात बाहेर काउंटरवरची मुलगी कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "नाही हो, रिपोर्टमध्ये काहीच नाहीये."

मी बाहेर गेले. समोर दोघी बहिणी उभ्या होत्या. कळवणच्या पुढच्या कुठल्याशा गावाहून पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. थोरलीच्या छातीत गाठ होती, तिचीच बायोप्सी. मुंबईचे सर्जन दर शनिवारी नाशिकला येत आणि एक वाजता निघून जात. त्यांनी रिपोर्ट घेऊनच या म्हणून सांगितलं होतं.

धाकटीने थोरलीचा हात धरला होता. "काही नाही निघालं," ती तिला म्हणाली. "मी म्हणत नव्हते?" तिने पर्समधून मोबाइल काढलासुद्धा. घरी कळवायला.

"थांबा," मी म्हणाले. "तसं नाही. रिपोर्ट कोरा निघालाय. मशीनमध्ये बिघाड झालाय."

तिला कळेना. "कोरा म्हणजे? काही नाही म्हणजे चांगलंच ना, ताई?"

"म्हणजे लिहिलेलं पुसलं गेलंय. काय होतं ते आम्हालाही माहीत नाही."

थोरली मागे वळून बाकावर जाऊन बसली. धाकटीने मोबाइल पर्समध्ये परत ठेवला. त्या मधल्या क्षणात तिचा चेहरा जसा फुलला होता, तो मी पाहिला होता. नसता पाहिला तर बरं झालं असतं.

मी पुण्याला, प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना फोन लावत राहिले. शेवटी एकाने उचलला. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "ताई, फाइल तुम्ही पुसलीत, पण प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलीय. तो बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय जागा सुटणार नाही."

"आणि कालचे रिपोर्ट?"

"ते लिहिलेच गेले नाहीत. येणार कुठून?"

मागे एकदा हा प्रोग्रॅम बंद केला होता तेव्हा तो दोन दिवस उठला नव्हता. आपल्याला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मॅडमनी तेव्हापासून बजावलं होतं. आणि मॅडमचा फोन बंद, त्या विमानात. मी खुर्चीत बसून डीएफ करत राहिले. त्याचा उपयोग नाही हे कळत होतं. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

अकराच्या सुमारास धाकटी दारात आली. "कागद नसला तरी चालेल. तुमच्या डॉक्टरबाईंना फोनवर विचारा ना. त्यांनी पाह्यलंय ना ते?"

"फोन लागला की विचारते."

विमान उशिरा उतरलं; मॅडमचा फोन लागला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. प्रोग्रॅम बंद करायला त्यांनी लगेच परवानगी दिली. मग मी त्या बाईंबद्दल विचारलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "पण काल बऱ्याच स्लाइड होत्या. एकीचं दुसरीला सांगितलं गेलं तर? आठवणीवरून मी बायोप्सी सांगणार नाही. सोमवारी परत बघते. त्यांना पुढच्या शनिवारचं सांग."

त्यांचं चुकत नव्हतं. पण चांगलं असतं तर त्या एवढा वेळ गप्प राहिल्या असत्या का, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनात घेऊनच मला बाहेर जावं लागलं.

मी पुढच्या शनिवारचं सांगितलं. धाकटी भांडेल असं वाटलं होतं, ती भांडली नाही. थोरलीनेच पहिल्यांदा तोंड उघडलं. "दीडची गाडी हाये सीबीएस स्टँडवरून," ती बहिणीला म्हणाली. "चल, नायतर जागा नाय भेटायची."

त्या गेल्यावर मी प्रोग्रॅम बंद करून चालू केला. या वेळी तो एका झटक्यात उठला. डीएफ केलं तर निम्मी डिस्क मोकळी.

पुढच्या शनिवारी त्या आल्या. रिपोर्ट मीच छापला होता, त्यामुळे त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. धाकटीने पाकीट घेता घेता माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हणाले, "डॉक्टर नीट सांगतील." तिला तेवढ्यावरूनच समजलं असावं. ती पायऱ्या उतरली.

ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. रिपोर्टला आठवडाभर उशीर झाल्याने काही फरक पडला नाही असं सर्जन म्हणाले, हे मला धाकटीनेच सांगितलं. ते खरंच तसं म्हणाले की तिने माझ्यासाठी तसं सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही.

प्रत्येक केमोआधी त्या दोघी रक्त तपासायला आमच्याकडे येतात. थोरली आता डोक्याला रुमाल बांधते. मी विचारते, कशा आहात. ती म्हणते, बरी हाये. मी तिचं नाव टाइप करते, आणि फाइल साठली का ते पाहून घेते.