होकार कळवला नाही

सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं लिफ्ट चालवली, म्हणून सगळे त्यांना लिफ्टमामा म्हणत. डोळ्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या किती जणांना त्यांनी हाताला धरून फाटकापर्यंत सोडलं असेल, गणती नाही.

मामी घरी शर्टांना काजं करायची. मामा निवृत्त झाले त्याच वर्षी तिला सुईत दोरा ओवता येईना, मग दाराची चौकट दिसेना. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, ऑपरेशन लवकर करायला हवं, तारीख कळवतील. मामांनी खिडकीवर फोन नंबर लिहून दिला आणि निर्धास्त झाले.

"अहो, एकदा जाऊन विचारून तरी या."

"अगं, कळवतो म्हणालेत ना? आपलाच दवाखाना आहे. उगीच मध्ये घुसायचं नाही."

ओळखीवर कुणी रांग मोडलेली त्यांना कधी खपली नव्हती.

चौथ्या महिन्यात मामीने पेल्याच्या बाहेर पाणी ओतलं. मामा तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. कारकून बाईंनी संगणकात पाहिलं.

"मामा, दोनदा मेसेज गेलाय. सात दिवसांत ॲपवर होकार द्यायचा होता. नाही दिला, म्हणून नाव निघालं."

"माझ्या फोनवर ॲप नाही, बाई."

बटणांचा फोन त्यांनी पुढे सरकवला. बाईंनीच शोधून दाखवलं. ढीगभर जाहिराती, त्यांत इंग्रजीतले दोन मेसेज. तेही जाहिरातीच समजून मामांनी सोडून दिले होते.

"इथं येऊन नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं हो," बाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी धडपड करून तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवून दिली. उजव्या डोळ्याची थोडीफार नजर टिकली. डावा गेला तो गेलाच.

घरी येताना बसमध्ये मामांनी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुम्हाला तरी काय ठाऊक?" आणि चाचपडत त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. आजही वाटतं.

हल्ली फोनवर मेसेज वाजला की ते चपला अडकवून कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंकडे धावतात.

"बघा हो, दवाखान्याचं आहे का?"

"नाही मामा."

"पुन्हा एकदा नीट वाचा."

त्या पुन्हा वाचतात.