माझ्या डोळ्यातली चंद्रकोर

देवळांच्या गावात राहणाऱ्या माणसाला काही भलतंसलतं दिसू नये, आणि दिसलंच तर त्याने ते घरी सांगू नये. हे शहाणपण मला उशिरा सुचलं. तोवर अर्धी गल्ली माझ्या डोळ्यांवर हक्क सांगून मोकळी झाली होती.

तेव्हा मी फ्रीगंजमधल्या एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. त्या वर्षांत उज्जैनमध्ये रोज सकाळी उठावं तर कुठे एसटीडी बूथ निघालेला असायचा नाहीतर कॉम्प्युटर क्लास. देश खुला झाला होता म्हणे. आमच्या क्लासची खिडकी मात्र कायम बंद. धूळ आत गेली की मशीन आजारी पडतं, अशी सरांची ठाम श्रद्धा होती. चपला बाहेर, हात धुऊन आत, खोकला आला तर दाराबाहेर. महाकालाच्या गाभाऱ्यात पाळत नसतील एवढं सोवळं त्या डबड्यांसाठी चालायचं.

तिथेच एका दुपारी काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं वाचता वाचता मधलं एक अक्षर गेलं. डोळे चोळले. गेलेलं आलं नाहीच, शेजारचंही गेलं. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला काहीतरी लखलखायला लागलं. करवतीच्या दातांसारखी एक रेघ, थरथरणारी. ती वाढत गेली, वाकली आणि तिची चांगली ठसठशीत कोर झाली. डोळे मिटले तरी आत तमाशा चालूच. सरांकडे पाहिलं तर त्यांना एक कान आणि अर्धी मिशी नाही. एरवी पोट धरून हसले असते. तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. संपलं, आपण आंधळ्या झालो, एवढं एकच डोक्यात घोळत होतं. थोड्या वेळाने सगळं विरलं, सरांची मिशी जागेवर आली, आणि मग माझ्या डोक्याची एक बाजू अशी ठणकायला लागली की घरी येताना वाटेतच ओकले.

हे मायग्रेन आहे, आधी दिसतं त्याला ऑरा म्हणतात, त्याने माझे डोळे काही जाणार नाहीत, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी इंदूरच्या एका डॉक्टरने सांगितलं. सांगायला त्याला जेमतेम एका घोटाचा वेळ लागला, कारण तो चहा पीत होता. तेव्हा मात्र आमच्याकडे असला सोपा इलाज कुणालाच नको होता.

मी घरी सांगितलं. इथेच चुकलं.

घरात आम्ही चौघं. बाबा रेल्वेत. त्यांची बदली उज्जैनला झाली आणि पुढे कुठे व्हायचं नाव नाही, म्हणून आम्ही इथले. आई बहुतेक वेळ स्वयंपाकघरात. आणि आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, लवकर विधवा झालेली. ती पहाटे महाकालाला जायची, संध्याकाळी हरसिद्धीला जायची, आणि मधल्या वेळात डोळ्यात तेल घालून आमच्यावर पहारा करायची.

आत्या म्हणाली, "काढून दाखव." जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी ती रेघ पेन्सिलने काढली, दातांसकट. आत्याने कागद आडवा धरला आणि तिचे डोळेच भरून आले.

"अगं बाई! ही तर कोर! महादेवाच्या माथ्यावरची!"

"आत्या, डोकं फुटायची वेळ आली होती माझी."

"फुटणारच. एवढं तेज कुणाला सोसतं?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. कुणी नारळ आणला, कुणी बेल. मला पाटावर बसवून कुंकू लावायचं, आणि मी डोळे मिटून बसायचं. एका काकूंनी तर कानाशी येऊन विचारलं, "बेटा, जरा बघ ना, आमच्या मुलाचं भोपाळला ट्रान्सफर होईल का?" मी म्हटलं, "काकू, मला समोरच्या माणसाची मिशी दिसेना, तुमच्या मुलाचं ट्रान्सफर कुठून दिसणार?" त्या भक्तिभावाने हसल्या. सिद्ध लोक आडवंच बोलतात, असं त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. गर्दी वाढली.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण त्याच महिन्यात मला नोकरी लागली होती. देवासला सोयाबीन तेलाचा नवा कारखाना निघाला होता. ऑफिसात कॉम्प्युटर येऊन पडले होते आणि ते चालू करणारं माणूस नव्हतं. क्लासच्या सरांनी माझं नाव सुचवलं, कारखान्यातल्या लोकांनी बोलावलं, विचारलं, आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले. आमच्या नात्यात तोवर एकही बाई घराबाहेर नोकरीला गेली नव्हती. मला ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे अगदी जिवापाड हवी होती. बाबांचा होकार मी हट्ट करून, रुसून, दोन वेळा उपाशी झोपून मिळवला होता, आणि आता ते म्हणाले, "हे डोळ्यांचं आधी साफ होऊ दे. चालत्या बसमधून उतरताना दिसलं नाही तर? मग बघू."

'मग बघू'चा आमच्या घरातला अर्थ 'कधीच नाही' असा होता.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून रामघाटावरचे पंडितजी आले. आमच्याकडची श्राद्धं, मुंजी, सत्यनारायण त्यांच्याच हातचे. आत्याने मोठ्या अभिमानाने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. पंडितजींनी चष्मा लावला, कागद उचलला आणि उभा धरला.

"बहनजी, इसमें चाँद कहाँ है? ये तो साक्षात कालसर्प है. दाँत देखिए इसके!"

आत्या तडकली. "पंडितजी, सापाला दात काय पाठीवर असतात?"

"दोष का साँप है, साधारण साँप थोड़े ही है!"

अशी त्या कागदावरून लढाई जुंपली. आत्या आडवा धरायची, पंडितजी उभा करायचे. बाबा मध्ये बसून एकदा मान अशी वाकवायचे, एकदा तशी. जिच्या डोळ्यात ते होतं तिला काय वाटतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आई चहा घेऊन आली, कागदाकडे एक नजर टाकली, कप ठेवले आणि आत गेली.

गंमत पुढेच आहे. आत्याचं म्हणणं, महादेवाने जिला कोर दाखवली ती मुलगी परक्या पुरुषांत तेलाच्या कारखान्यात बसणार? शोभतं का? पंडितजींचं म्हणणं, डोक्यावर साप असताना प्रवास वर्ज्य. कोर असो की साप, निकाल एकच. पोरीने घरी बसायचं. एवढं भांडून एकमत करणारी माणसं मी परत पाहिली नाहीत.

मग विज्ञानाची पाळी. बाबांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने डोळ्यांत थेंब घातले, बॅटरी मारली आणि म्हणाला, "आँखें फर्स्ट क्लास हैं." बाबांनी विचारलं, मग हिला दिसतं ते काय? डॉक्टरने माझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं, "कमजोरी है. लड़की की शादी कर दीजिए, सब ठीक हो जाएगा." एवढं शिकून तोही आत्याच्याच पंगतीला येऊन बसला! थेंबांमुळे मला समोरचं सगळं धूसर दिसत होतं, त्याचा मात्र मला आनंद झाला, कारण त्याचं तोंड बघावं लागलं नाही.

शेवटी मीच डाव टाकला. म्हटलं, चला, सापच आहे, करा पूजा. आत्या दुखावली, पण पंडितजी खूश. भल्या सकाळी रामघाटावर कुडकुडत क्षिप्रेत बुडी मारली, ओल्या साडीत बसून मंत्र ऐकले, चांदीची नागजोडी पाण्यात सोडली. ती मी वळायच्या आत खालच्या पायरीवरच्या एका माणसाने सफाईने वर काढून घेतली. साप लगेच दुसऱ्या यजमानाच्या सेवेत रुजू. मला कधी रुजू होऊ देतात, ते बघायचं होतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, गेलं. काहीही दिसत नाही. त्यानंतर दोन वेळा दिसलं, दोन्ही वेळा मी संडासात जाऊन बसले आणि बाहेर येऊन हसले. पंडितजींची कीर्ती वाढली, बायकांनी नारळ आणायचं बंद केलं, आणि बाबा एका संध्याकाळी पेपरच्या आडून म्हणाले, "ठीक आहे. जा. पण परत काही झालं तर त्याच दिवशी नोकरी बंद."

रुजू व्हायच्या दिवशी बाबांची ड्यूटी होती, म्हणून देवास गेटच्या बस स्टँडवर सोडायला आई आली. स्टँडवर नेहमीची बोंबाबोंब, "देवास-इंदौर, देवास-इंदौर!" मी बसमध्ये खिडकीशी बसले. आई खाली डबा घेऊन उभी. मी समोरच्या बसची पाटी वाचायला गेले आणि पाटीवरची मधली अक्षरं नव्हती.

कडेला ती लखलख सुरू झालीच होती. मी डोकं चालवायला लागले. देवासला उतरायचं कसं? ऑफिसात पहिल्याच दिवशी ओकले तर? बाबांच्या कानावर गेलं तर सगळंच संपलं. त्यापेक्षा आज पोट बिघडलं म्हणावं, उद्या जावं. मी पर्स उचलली आणि उभी राहिले.

"कुठे चाललीस?" आईने खालून विचारलं.

"आज राहू दे. पोटात कसंतरी होतंय. उद्या जाईन."

आई बसमध्ये चढली, मला खांदा धरून खाली बसवलं आणि शेजारी बसली.

"कुठल्या बाजूला आहे?" तिने विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता. मी म्हटलं, "डाव्या."

"लहान असेल अजून. आता वाढेल, मग कडेला सरकेल आणि जाईल. तिच्याकडे बघायला जाऊ नकोस, पायांकडे बघ. नंतर डोकं चढेल ते उजव्या बाजूने. डब्यात आल्याची वडी ठेवली आहे, ती चघळ."

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे तिच्या जेवढ्या चेहऱ्याकडे बघता येत होतं तेवढ्याकडे. आईची अर्धशिशी घरात सगळ्यांना ठाऊक होती. ती डोक्याला फडकं आवळून, सुंठेचा लेप लावून अंधारात पडायची, आणि आम्ही त्या दिवशी पोहे खाऊन भागवायचो. पण डोकं चढायच्या आधी तुला काही दिसतं का, हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"तुलापण?"

"लग्नाआधीपासून. चित्र बघितल्याबरोबर ओळखलं मी. दात जरा लहान काढले होतेस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा! क्षिप्रेत कुडकुडले, डॉक्टरचं ऐकून घेतलं, बायकांचं कुंकू पुसून पुसून कपाळ सोललं, आणि ही बाई चहाचे कप उचलत होती. मला तिचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "मग बोलली का नाहीस? मी रोज रात्री आंधळी होणार म्हणून रडत होते, आणि तुला माहीत होतं!"

"बोलून काय झालं असतं?" आई हळू आवाजात म्हणाली. "तुझी आत्या म्हणाली असती, एका घरात दोन कोरी. पंडितजी म्हणाले असते, आईचा दोष उतरला. आणि तुझे बाबा म्हणाले असते, हिचं बघ, ही तरी कुठे बाहेर जाऊ शकते, तू काय जाणार? तुला घरी बसवायला आणखी एक कारण मीच त्यांच्या हातात देऊ?"

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं आणि बस थरथरायला लागली. आईने डबा माझ्या मांडीवर ठेवला, पण उठली नाही.

"माहेरी असताना मला शाळेत नोकरी मिळाली होती," ती म्हणाली. "जवळच्याच गावात, मुलींच्या शाळेत. पहिल्या दिवशी अशीच बसमध्ये बसले आणि हे सुरू झालं. वाटलं, फळ्यावरचं दिसलं नाही तर मुली हसतील. गावाबाहेर बस थांबवून उतरले. घरी सांगितलं, नको वाटते नोकरी. सगळे इतके खूश झाले की विचारू नकोस. त्याच उन्हाळ्यात लग्न लावलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी एवढंच विचारलं, "मग ती कोर किती वेळ होती?"

"थोडाच वेळ. बस वळणापर्यंत पोचायच्या आत गेली," आई म्हणाली. "मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं."

कंडक्टर आमच्यापाशी येऊन खेकसला, "माताजी, उतरना है कि चलना है? गाड़ी छूट रही है."

मी पुन्हा अर्धवट उठले. आईने मला दाबून खाली बसवलं, पदर खोचला आणि त्याच्यावर माझ्या आयुष्यात कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ओरडली, "उतर मैं रही हूँ! ये जाएगी!"