पडदाभर नऊ

अमरावतीच्या स्टेशनवर गाडी लागलेली होती आणि आईबाबांचं माझ्या सामानावरून चाललं होतं. आईला कुरड्यांचं आणखी एक पुडकं आत घालायचं होतं आणि बाबांना एक पत्र्याचा डबा. बॅग तेवीस किलोच्या वर जाता कामा नये हे मी घरूनच तीनदा सांगितलं होतं. शेवटी बाबांनी तो डबा माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉपशेजारी सरकवला आणि चेन लावली.

"तिकडं कोनी जानकार भेटला तं दाखवजो," ते म्हणाले. "नाई तं फेकून देजो."

आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "पोचली का पहिले अंथरून-पांघरून उन्हात टाकजो."

मी दोघांनाही हो म्हटलं. गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेली तरी सॅक मांडीवरच होती आणि डब्याचा कोपरा मला टोचत होता. तो डबा मीच बिघडवला होता. निदान सतरा वर्षं मी तसंच धरून चालले होते.

हे लिहितेय ते मुख्यतः तुमच्यासाठी, जे तो डबा बिघडला त्या दिवशी आमच्या घरी होता. पण माझ्यासारखे जे निघून आलेत, त्यांच्याही सामानात असं काहीतरी असेल, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

बाबा पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. कॉलेजनं कॉम्प्युटर शिकवायची जुनी किट भंगारात काढली तेव्हा त्यांनी त्यातली काही विकत घेतली आणि दोन वर्षं संध्याकाळी बसून घरी एक कॉम्प्युटर जोडला. बाजारात तयार कॉम्प्युटर मिळत होते, पण बाबांना स्वतःच्या हातचा हवा होता. त्याला बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा हे घर मिळालं, आतून सायकलची ट्यूब कापून लावलेली, म्हणजे पत्र्याला तारा लागू नयेत. पडदा म्हणून आमचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. कॉम्प्युटरला बेसिक नावाची भाषा येत असे. तिच्यात प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, दहा, वीस, तीस असा, म्हणजे नंतर मध्ये काही सुचलं तर जागा शिल्लक राहते. ही आख्खी भाषा एका चिपमध्ये भरावी लागते. बाबांनी एका जुन्या मासिकातून तिचे आकडे आणि अक्षरं जोडीजोडीनं वहीत उतरवून घेतली होती. मग कॉलेजच्या मशीनवर ती चिपमध्ये भरली. पुढच्याच महिन्यात ते मशीनही भंगारात गेलं.

पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तो कॉम्प्युटर चालला. बाबांनी त्यात चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता. तो नाव विचारायचा, आणि नाव टाइप केलं की पडद्यावर यायचं, "जेवले काय," आणि पुढे तुमचं नाव. त्याला इंग्रजी अक्षरंच येत होती, म्हणून ते मी वाचून दाखवायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये होते. तिथे तोंडातून "मले" निघालं की मुलं हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. घरी एक यंत्र इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी बोलत होतं. दोन्हीकडची मी एकटीच नाही, असं तेव्हा वाटायचं. मी रोज शाळेतून आले की त्याला माझं नाव सांगायचे आणि त्याला मोठ्यानं उत्तर द्यायचे, हो, जेवले.

मे महिन्यात अकोल्याचे मामा आणि बाळापूरची मावशी आपापली मंडळी घेऊन सुट्टीला आले. बाबांनी सगळ्यांना कॉम्प्युटर दाखवायचं ठरवलं. मामांचा अकोल्याला फुलांचा धंदा आहे आणि त्यांच्या जिभेची धार सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा मला म्हणाले, "लाल बटन तू दाब." सगळे माझ्याकडे बघत होते. मी दाबलं.

पडदाभर नऊ आले. नऊ, मोकळी जागा, नऊ, मोकळी जागा, वरपासून खालपर्यंत. बाबांनी बंद करून पुन्हा लावला, पुन्हा नऊ.

"भाऊजी," मामा म्हणाले, "याले निस्ता नवाचा पाढाच येते काय?"

सगळे हसले. मावशीनं बाबांची बाजू सावरायला म्हटलं, "पोरीनं चुकीचं दाबलं असंन." बाबा लगेच म्हणाले की तिचं काही नाही, पण मी मावशीचंच ऐकलं. लाल बटणाच्या शेजारीच कीबोर्डवरची आकड्यांची ओळ होती. माझं बोट नवावर पडलं असणार, असं मी सात वर्षांच्या बुद्धीनं ठरवलं आणि ते पुढे कधी तपासलं नाही.

बाबांनी दिवाळीपर्यंत एकेक सांधा पुन्हा सोल्डर केला. चिप वाचायला मशीन नव्हतं, त्यामुळे चूक आपल्याच हातची आहे असं त्यांनी मान्य केलं आणि सोल्डरिंगची कावी, म्हणजे तापवायची सळई, माळ्यावर ठेवून दिली. ती पुन्हा खाली आली नाही. शेजारच्यांचा रेडिओसुद्धा ते नंतर दुरुस्त करत नसत, म्हणत, माझा हात बसत नाही. लग्नाकार्यात मामा भेटले की विचारायचे, काय मंग, पाढा पाठ झाला का? बाबा हसायचे. मी त्या हसण्याकडे बघायचं टाळायचे. पुढे मी कॉम्प्युटर इंजिनिअर झाले आणि त्या डब्याला एकदाही हात लावला नाही.

मी आले ते ब्रेमेनला, जर्मनीच्या उत्तरेला. इथे ऑफिसात मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कमी बोलणाऱ्या माणसाला हे काम बरं. इथलं ऊन आलं तरी पोळत नाही. आईच्या सांगण्याप्रमाणे मी पहिल्या रविवारी ड्युवे, म्हणजे इथली रजई, बाल्कनीत टाकली, तेव्हा खालच्या बाईंनी घरात ढेकूण झालेत का म्हणून विचारलं.

आमच्या भागात दर शनिवारी एका हॉलमध्ये रिपेअर कॅफे भरतो. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि निवृत्त मंडळी त्या फुकट दुरुस्त करून देतात. मी चार शनिवार नुसती कॉफी पिऊन आले. पाचव्या शनिवारी डबा नेला.

ल्युडेमान नावाचे एक आजोबा तिथे बसतात, जन्मभर टेलिफोनच्या खात्यात होते. बिस्किटांचा डबा, सायकलची ट्यूब, कशालाच ते हसले नाहीत. भिंग लावून त्यांनी आतल्या सर्किट बोर्डची मागची बाजू बराच वेळ पाहिली आणि एकच शब्द बोलले, "झाउबर." म्हणजे स्वच्छ, नीटनेटकं. मी त्यांना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये नवांची गोष्ट सांगितली. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

नऊ, मोकळी जागा, नऊ? त्यांनी विचारलं. मग तुमची चिप कोरी आहे. कोरी चिप मिळाली की प्रोसेसर एकाच जागी पुन्हापुन्हा उडी मारतो आणि दरवेळी परतीचा पत्ता लिहून ठेवतो, सगळी मेमरी त्या पत्त्यानं भरेपर्यंत. त्या पत्त्याचा आकडा पडद्यावर नऊ म्हणून उमटतो. बटणाशी त्याचा संबंध नाही.

मी त्यांना ते शेवटचं वाक्य पुन्हा बोलायला लावलं.

मग त्यांनी चिपच्या पाठीवरची काचेची छोटी खिडकी दाखवली. हिच्यातून ऊन आत गेलं तर लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून हिच्यावर कागद चिकटवतात. ही उन्हात ठेवली होती का?

आणि मला आमची गच्ची दिसली. मे महिना, कुरड्या, सरोद्या, लाल मिरच्या, हिवाळ्यातल्या गोधड्या, बाबांची पुस्तकं, आईची लग्नातली साडी. आमच्याकडे मे महिन्यात घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात, नाही तर तिला वास येतो, कसर लागते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एका सुपात डब्यातून काढलेला उघडा बोर्ड. पाहुणे येणार म्हणून आईनं त्यालाही ऊन दाखवलं होतं.

मी हे सांगितल्यावर ल्युडेमान आजोबांनी विचारलं, किती दिवस? आठवडाभर, मी म्हटलं. इथल्या उन्हानं आठवड्यात पुसलं असतं की नाही, सांगता येत नाही, ते म्हणाले. मला उगाचच आमच्या उन्हाचा अभिमान वाटला.

घरी येताना मी ट्राममध्ये रडले. मी सुटले होते, बाबा सुटले होते. पण सांगायचं म्हणजे सगळं आईवर येणार होतं. मामा तर तिचे भाऊ, त्यांना आयतंच मिळालं असतं. आठ दिवस मी फोनवर हवापाण्याचं बोलले. नवव्या दिवशी बाबांना विचारलं, बेसिकची वही आहे का? त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. तासाभरात एकेका पानाचा फोटो यायला लागला. आख्खी भाषा, बाबांच्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

ती मी तीन आठवडे रोज ऑफिसनंतर टाइप केली. ल्युडेमान आजोबांच्या मशीननं ती त्याच चिपमध्ये भरली. पुसायचं कामच नव्हतं, ते आईच्या उन्हानं करून ठेवलं होतं. वीजपुरवठ्याचा भाग नवा लावला. बाबांचे सांधे जसे होते तसेच ठेवले.

मला फक्त आईबाबांना दाखवायचं होतं. पण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मे महिना, त्यामुळे व्हिडिओ कॉल लागला तेव्हा पडद्यावर मामा, मावशी, त्यांच्या सुना, सगळेच दाटीवाटीनं बसलेले. एक क्षण वाटलं की नेट गेलं म्हणून कॉल कापावा. मग मी फोन कॅफेतून आणलेल्या जुन्या टीव्हीकडे वळवला आणि लाल बटण दाबलं.

नऊ आले नाहीत. वरच्या कोपऱ्यात "रेडी" आलं आणि त्याखाली एक चौकोन लुकलुकायला लागला. आईनं ते बाबांना सांगितलं, कारण त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती.

"काय होतं मंग?" बाबांनी विचारलं.

मी थांबले. आई म्हणाली, "सांग न. काहून थांबली?"

एवढ्या माणसांपुढे सलग पाच मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. चिप, खिडकी, ऊन. ऊन म्हटल्यावर आईचा हात तोंडाशी गेला.

"मीच ठेवला होता सुपात," ती म्हणाली. "आठ दिवस. यायले इचारलं बी नाई."

"म्हंजे ताईनंच—" मामा सुरू झाले.

"थांब लेका," बाबा म्हणाले. बाबांनी मामांना असं गप्प केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तिनं काळजीनंच ठेवला. मले एकच सांग बेटा. सोल्डरिंग बरोबर होतं?"

"सगळं बरोबर होतं, बाबा. एकही सांधा बदलला नाही."

 बाबांनी पट्टीखालून ओघळणारं पाणी पुसायचा प्रयत्न केला तेव्हा आई त्यांच्या हातावर चापट मारून म्हणाली, "हात नोका लावू, डाक्टरनं सांगतलं नाई काय?"

मग तिनं वहीतून प्रोग्राम वाचला आणि मी टाइप केला. दहा, वीस, तीस, चाळीस. नाव विचारल्यावर मी इंग्रजी अक्षरांत "मामा" लिहिलं.

"जेवले काय, मामा," मी पडदा वाचून दाखवला, पूर्वीसारखा.

तिकडे सगळे मामांकडे बघत होते. मामांनी घसा साफ केला, टोपी नीट केली. "जेवलो न बाप्पा," ते फोनकडे वाकून म्हणाले. "भाऊजी, बोलते हो तुमचा डबा."

कॉल संपताना बाबांनी विचारलं, खिडकीवर काही चिकटवलं का? चिकटवलं होतं. कॅफेत आजोबा कागद शोधत होते तेव्हा मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं होतं. आईनं भरून दिलेलं, ऑफिसात मी कधी लावत नाही. मोठी मरून टिकली त्या काचेवर बरोब्बर बसली.

बाबांनी माळ्यावरून कावी काढलीय. शेजारच्यांचा रेडिओ आलाय दुरुस्तीला.

आणि मी आजही, ऊन पडलं की, रजई बाल्कनीत टाकते. खालच्या बाई आता काही विचारत नाहीत. अमरावतीहून आलेल्या कुरड्या शेजारी पसरते, थोडा वेळ स्वतःही बसते. डबा मात्र आतल्या खोलीत, सावलीत असतो. ऑफिसातून आले की तो नाव विचारतो, मग जेवले का विचारतो. इथे हे मला दुसरं कोणी विचारत नाही. मी त्याला मोठ्यानं उत्तर देते, आणि खोटं नको म्हणून आधी कुकर लावून जेवते.