थोरलीची गुहा, धाकटीचा राक्षस

थोरली सून टायपिंगच्या क्लासात शिकवायची. टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घरात नवा होता तेव्हा तिनं त्यावर गुहेचा खेळ रचला, आणि सारं घर टीव्हीपुढं ठाण मांडून बसू लागलं. कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार. पडद्यावर नुसती वाक्यं उमटायची: 'समोर राक्षस आहे. लढायचं की पळायचं?' वार लागला की हुकला, अंगात ताकद किती उरली, हे आकडे ठरवायचे. सासरे हट्टानं लढायचे आणि मरायचे. "सूनबाई, जरा दया दाखव की!" म्हणायचे. तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग धाकटी जाऊ आली. ती फरशीच्या कारखान्यात नक्षी काढायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत तिनं नवा खेळ केला. त्यात योद्धा चक्क चालायचा आणि राक्षस डोळे वटारायचा! थोरलीच्या गुहेकडं कुणी फिरकेना.

"हिच्या खेळात वाचायची कटकट नाही," सासरे म्हणाले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. खेळ गाण्याच्या साध्या कॅसेटवरच साठवले जायचे; धाकटीच्या खेळाची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच होती. थोरलीनं टेपरेकॉर्डरला जोडलेली कॉम्प्युटरची वायर उपसली, कॅसेट मागं नेली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. "घे, नाचव आता तुझा राक्षस," ती पुटपुटली. लगेच भानावर येऊन तिनं बटण बंद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळी खेळ चालू होईना. सगळ्यांनी कॅसेटला बोल लावला.

सकाळी धाकटी टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात आली, दार लोटलं आणि बटण दाबलं. "घे, नाचव आता..." थोरलीचाच आवाज! तिच्या पायाखालची जमीन सरकली.

"वायर काढली की हा खोलीतलं सगळं टिपतो, ताई."

"मला बघवत नव्हतं गं. सगळे आपले तुझ्याभोवती."

"कुणाला नाही सांगणार मी. पण माझा राक्षस एका फटक्यात मरतो. लढाईचं गणित मला जमत नाही. ते तुम्ही करायचं."

"म्हणजे शिक्षाच की."

"हो, शिक्षाच."

दोघींनी मिळून केलेला खेळ रेडिओच्या दुकानदारानं विकायला ठेवला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "काय झकास चित्रं आहेत!" धाकटी लाजली. थोरलीनं कळफलक गिऱ्हाइकापुढं सरकवला.

"आधी राक्षस मारून दाखवा," ती फणकारली, "मग बोला."

गिऱ्हाइकानं खुर्ची पुढं ओढली.