ताई आत बसून म्हणाली, एक थेंब न्हाई

ऐका ना, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर माझं रडू काय थांबणार नाही.

आमच्या पप्पांनी दोन वर्षं खपून जीपमागं ओढायचा कॅम्पर बनवला. चौघांना झोपायच्या फळ्या, गॅस, बारकं बेसिन, सगळं! गावात त्याला डबाच म्हणतात. ताई नोकरीला परदेशात चालली होती, तीन वर्षं तरी येणार नाही. म्हणून ती जायच्या आधी मम्मी-पप्पा, ताई अन् मी डबा घेऊन समुद्र बघायला जायचं ठरलं.

निघालो त्या दिवशी गावच्या कमानीपाशी पप्पांनी ब्रेक मारला. "बसंल का गं?" मी खाली उतरले. आता ह्याच कमानीखालून उसाच्या ट्रॉल्या जातात, लई उंच भरलेल्या! मी हात हलवत ओरडले, "येऊ द्या पप्पा, येऊ द्या! ऊस जातोय, मग आपल्याला काय!"

पण ऊस दबतो, वाकतो. पत्रा फाटतो. छताचा पुढचा पत्रा सोलून वर आला, कोपरा आत बसला. पप्पांनी घाबरून रिव्हर्स मारला, तर बाजूची बॉडीपण खांबाला घासून चेपली.

गॅरेजचा मिस्त्री बघून म्हणाला, "काय दादा, कमानीला टोपी घालायला गेल्ता का?" कुणीच हसलं नाही. ताई तेवढी हसली, मला बरं वाटावं म्हणून.

तिच्या जाण्याला पंधरा दिवस राहिलते. पप्पा रोज मिस्त्रीसोबत. जॅक लावून वाकडा अँगल सरळ केला, नवा पत्रा ठोकला, सांध्यात सिलिकॉन भरलं. चेपलेल्या बाजूला मी स्वतः लांबी, म्हणजे पुट्टी, भरली अन् पॉलिश पेपरनं घासत बसले. बोटं सोलली, पण थांबले नाही. अन् तेवढ्यात ताईला कंपनीचा मेल आला, आठवडाभर आधीच या. समुद्र राहिलाच.

ती जायच्या आदल्या दिवशी पप्पांनी विहिरीच्या मोटारीचा पाईप डब्याच्या छतावर सोडला. ताई आत, दार लावून.

"गळतंय का गं?"

"न्हाई पप्पा! एक थेंब न्हाई!"

"कोपऱ्यात बघ नीट."

"कोरडंठाक हाय! लई भारी केलंय तुमी!"

पप्पा हसले. कमानीनंतर पहिल्यांदाच.

ताई गेली, त्याला आठवडा झाला. आज मी डबा झाडायला गेले. कोपऱ्यातली गादी उचलली तर खालून अजून ओली, प्लायवूड फुगलेलं, अन् फळीखाली ताईची ओढणी. पिळून कोंबलेली, बुरशी आलेली. म्हणजे वरून पाणी पडत होतं, अन् ही ओढणीनं पुसत आतून ओरडत होती!

मी ओढणी घेऊन पळत पप्पांकडं गेले. "पप्पा, डबा गळत हुता. ताई खोटं बोलली."

पप्पांनी वर बघितलंच नाही. "ठाऊक हाय मला. खालनं धार लागल्ती, टायरापाशी. दिसली मला."

"मग बोलला का न्हाई?"

"तिची बॅग भरून झालती. हसत जाऊ दे म्हटलं."

मग माझ्या हातातली ओढणी घेतली अन् बादलीत भिजत घातली. मी जाऊन ओली गादी उन्हात टाकली.

तुमच्या घरात झालंय का हो असं कधी? सगळ्यांना सगळं माहीत, अन् कुणी कुणाला बोललंच नाही?