मार्चपर्यंत हजर

"ए स्कॉलरशिप! तुलाच म्हणतोय! फुकटचं खाताना कान टवकारलेले असतात, आणि परत द्यायची वेळ आली की बहिरी होतीस का?"

खिडकीच्या जाळीमागून हेडक्लार्क ओरडत होता. असा ओरडत होता की आमच्या त्या परभणीच्या कॉलेजावरची कबुतरं उडाली ती थेट येलदरीच्या धरणावर जाऊन बसली. मी बघायला गेले नाही. पण त्या आवाजात तेवढा दम होता. रांगेत चाळीसेक पोरंपोरी. सगळ्यांच्या माना माझ्याकडं. आणि मी येड्यासारखी मागं वळून बघितलं, की ही स्कॉलरशिप कोण?

आमची नावं त्याच्या तोंडाला कधी लागलीच नाहीत. पदरची फी भरणाऱ्यांना नावं होती. बापाच्या नावासकट, गावासकट. एकाला तर तो खुर्चीवरून अर्धा उठून "या मालक" म्हणायचा. सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकणारे आम्ही सगळे मिळून एकच माणूस. ए स्कॉलरशिप.

मी कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला आले होते. दाखला आणि दहावी-बारावीचे मूळ कागद. नर्सिंगला नंबर लागला होता. येत्या शनिवारपर्यंत मूळ कागद दिले नाहीत तर जागा दुसरीला जाणार होती.

"अकरा हजार चारशे," जाळीमागून आवाज आला. "दुसऱ्या वर्षाचा भत्ता घेतलास आणि परीक्षेला बसली नाहीस. रोख आण. मग दाखला."

"सर, मी तर दिवाळीलाच कॉलेज सोडलं. अर्ज दिला होता."

"कुठला अर्ज? तोंड वर करून बोलू नको. चल, पुढचा!"

पुढचा सरकला. मी बाजूला झाले. हसलं कोण ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर आजपर्यंत लक्षात राहिलं असतं, आणि माझ्या लक्षात ठेवायला आधीच लय आहे.

आमचं गाव सोनपेठच्या अलीकडं. बाप सेंट्रिंगच्या कामावर. बौद्ध माणसाच्या घरात देव्हारा नसतो, पण आमच्याकडं एक पिशवी होती, खताची, जाड प्लास्टिकची. ती भिंतीला खिळ्यावर, बाबासाहेबांच्या फोटोखाली. तिच्यात माझे कागद. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, सगळे दाखले, आणि एकेकाच्या पाच-पाच झेरॉक्स. सोनपेठचा झेरॉक्सवाला बापाला बघितलं की मशीन आधीच गरम करून ठेवायचा. एकदा वावटळीत आमचे पत्रे उडाले, तेव्हा बापानं आधी पिशवी धरली, मग मला. जरा खोटं आहे. आधी मला धरलं. पण पिशवी दुसऱ्या हातात होती, हे खरं.

बापाला वाचता येत नव्हतं. तो एवढंच म्हणायचा, "कागद हातात आला की आधी झेरॉक्स. मंग जेवण."

दुसऱ्या वर्षाला भत्ता आलाच नाही. पहिल्या वर्षाचाही अर्धाच आलेला. आज येतो, उद्या येतो. मेसवाल्या बाईनं दोन महिने ताट दिलं, तिसऱ्या महिन्यात ताट उलटं ठेवलं. मी पाण्यावर आणि मैत्रिणीच्या डब्यावर दिवाळीपर्यंत ओढलं. दिवाळीत बाप स्लॅबवरून पडला. कंबर गेली. मी अर्ज दिला, घाईत पोच घ्यायची राहिली, गादी गुंडाळली, एसटीनं घरी आले. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला लागले. जानेवारीत बाप गेला. एका सोमवारी. आम्ही त्रिसरण म्हटलं आणि अग्नी मी दिला, कारण त्याला मीच होते.

उन्हाळ्यात खात्यावर अकरा हजार चारशे आले. मायला आणि मला वाटलं, पहिल्या वर्षाचा राहिलेला भत्ता आला. आमच्याकडं सरकारचा पैसा वेळेवर आला तर माणूस घाबरतो, उशिरा आला तर समजतो की आपलाच आहे. बापाच्या दवाखान्याची उधारी होती. ती फिटली.

आता तोच पैसा परत.

दोन दिवसांनी हेडक्लार्कचा फोन आला. आवाजात साखर. इतकी साखर की फोनला मुंग्या लागाव्यात.

"बाळा, अध्यक्षसाहेबांनी तुझ्यासाठी मार्ग काढलाय. शुक्रवारी संस्थेचा कार्यक्रम आहे. तू स्टेजवर यायचं, पैसे साहेबांच्या हातात द्यायचे, दोन शब्द माफीचे बोलायचे. मी लिहून देतो. मग शाल, नारळ आणि दाखला. सगळं तिथंच."

"पावती?"

"अगं, सत्काराची पावती असते का?"

मायनं दोन शेळ्या विकल्या. त्यातली एक अशी हुशार होती की तिला शिष्यवृत्ती मिळाली असती तर तिनं पदवी घेतली असती. सोनपेठच्या बाजारात मायनं तिचं दावं दुसऱ्याच्या हातात दिलं. घरी आल्यावर म्हणाली, "तुजा सत्कार हाय म्हणं?"

"हाय."

"मंग मी बी येते."

माफीचं मी सांगितलं नाही. मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं. पिशवी काखेत घेतली. मी म्हटलं, पिशवी कशाला? ती म्हणाली, "दाखला मिळायलाय न्हवं. ठिवायचा कशात?"

शुक्रवारी मंडप असा की त्यात अर्धं सेलू गाव मावलं असतं. माय चौथ्या रांगेत. मी स्टेजच्या मागं, पडद्याआड. हेडक्लार्कनं माझ्यासमोर एक कागद धरला, त्याला मागं दुसरा टाचलेला.

"सही कर."

मी वाचायला लागले.

"वाचतीस काय? परीक्षा आहे का? सही कर, नाव पुकारतील आता."

आमच्या घरात न वाचता सही करणारं एकच माणूस होतं, आणि ते अंगठा द्यायचं. मी वाचलं. लिहिलं होतं की मी मार्चपर्यंत नियमित हजर होते, नंतर स्वतःच्या मर्जीनं परीक्षा सोडली, म्हणून भत्ता परत करते. मागं टाचलेला कागद हजेरीचा. माझं नाव पहिल्यांदाच तिथं बघितलं. पूर्ण, बापासकट. पुढं महिने. नोव्हेंबर हजर. डिसेंबर हजर. मी पाथरीच्या रस्त्याला कापूस वेचत होते आणि परभणीत पहिल्या बाकावर बसले होते. असली सिद्धी तर महाराज लोकांनाच असते. मी हसणारच होते.

मग जानेवारी. तो सोमवार. प्रात्यक्षिक, हजर.

बाप जळत होता आणि मी प्रयोगशाळेत हजर होते.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग एकेक गोष्ट उमजत गेली. माझ्या हजेरीवर कॉलेजनं माझी फी सरकारकडून घेतलेली. आता तपासणी लागलेली, कागदाच्या माथ्यावरच लिहिलं होतं, शिष्यवृत्ती तपासणीसाठी. मी मार्चपर्यंत हजर असले की त्यांची फी हलाल, आणि परीक्षेला बसले नाही म्हणून चोर मी एकटी. माझ्या बापाच्या मातीच्या दिवशी त्यांनी मला कामाला लावलं होतं.

बाहेर अध्यक्षसाहेब माईकवर बोलत होते. "आज एक मुलगी सरकारचा पैसा स्वतःहून परत करते आहे. त्यांच्या समाजातल्या मुलीमध्येसुद्धा हा प्रामाणिकपणा आहे, याचा संस्थेला अभिमान वाटतो."

टाळ्या. त्या "सुद्धा"नं माझ्या कानशिलात मारली. हेडक्लार्कनं ओरडून जे केलं नव्हतं ते साहेबांनी गोड बोलून केलं.

मी स्टेजवर गेले. कागद हातातच. सही न केलेला. साहेबांनी शाल उघडली. मी वाकले नाही, म्हणून ती त्यांच्या हातातच लोंबत राहिली. मी माईक घेतला. पाठ केलेली माफी कुठं गेली कुणास ठाऊक. इतके दिवस मी गावात गप्पा हाणायचे, एकाचे दहा करून सांगायचे, लोक पोट धरून हसायचे. त्या दिवशी एकाचं एकच सांगितलं.

"मी दिवाळीत कॉलेज सोडलं. ह्या कागदावर मी मार्चपर्यंत हजर आहे. जानेवारीतल्या ज्या सोमवारी मी बापाला अग्नी दिला, त्या दिवशीही हजर आहे. भत्ता मी परत करणार. सरकारला करणार, पावती घेऊन. तुमच्या हातात नाही. आणि माझ्या नावावर घेतलेली फी तुम्ही कधी परत करणार, ते आता ह्याच माईकवर सांगा."

माईक बंद झाला. असल्या वेळी तो बंद होतोच. पण चौथ्या रांगेपर्यंत माझा आवाज बिनमाईकचा जातो. माय उभी राहिलेली दिसली. मागच्या बाजूला शिष्यवृत्तीवाली पोरं बसायची, तिथं कुणीतरी टाळी वाजवली. एकच. मग थांबली. वाजवणारीचाही भत्ता नाहीतर दाखला कुठंतरी अडकलेला असणार. मी राग धरला नाही.

आधीच सांगून टाकते, नर्सिंगची जागा गेली. गोष्टीत असतं तसं काही झालं नाही. पेपरात आलं नाही, कुणी धावून आलं नाही. मूळ कागद अजून त्यांच्या कपाटात आहेत. गावात लोक म्हणतात, गुमान सही केली असती तर पोरगी एव्हाना पांढऱ्या कपड्यात असती. असते. आणि बापाच्या सरणाच्या दिवशी आयुष्यभर हजर असते.

भत्ता मी परत केला, सरकारी चलन भरून, शेळ्यांच्याच पैशातून. पावती पिशवीत आहे. समाजकल्याणच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर नाही. दुसरा दिला. तिसरा ह्या आठवड्यात. तो सोमवार त्या कागदावरून खोडल्याशिवाय मी गप बसणार नाही, आणि खोडताना सही हेडक्लार्कची असेल. मंडपात मागं बसलेल्या शिष्यवृत्तीवाल्या दोन पोरींनी आपापली हजेरी मागितलीय. त्यांना मीच अर्ज लिहून दिला. आता मला कुणी ए स्कॉलरशिप म्हटलं तर मी मागं वळून बघत नाही. मी म्हणते, हजर. बोला.

त्या शुक्रवारी आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून अध्यक्षसाहेबांची गाडी येऊन थांबली. साहेब स्वतः उतरले. एका हातात माझा दाखला, शिक्क्यासकट तयार. दुसरा हात मोकळा, पुढं केलेला.

"पोरी, उद्या शनिवार. तुझं भवितव्य माझ्या हातात आहे बघ. हा घे. आणि तो कागद दे."

मी दाखल्याकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, हात उचलला होता. मग मायकडं बघितलं. तिनं माझ्या मुठीतला हजेरीचा कागद काढून घेतला, घडी घातली, पिशवीत टाकला आणि पिशवी काखेत दाबली.

साहेब हसले. "अहो बाई, तुम्हाला वाचता येतं का? काय करणार तुम्ही त्या कागदाचं?"

"झेरॉक्स," माय म्हणाली.